ताश्कंदचा आठवडा: पलाव, मकाम आणि रात्रभर ढवळलेलं सुमलक

रविवार

ताश्कंद म्हणजे उझबेकिस्तानची राजधानी, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे, त्यामुळे जेटलॅग वगैरे भानगड नाही, पहाटे ठाण्याहून निघालो, दिल्लीला विमान बदललं आणि संध्याकाळच्या चहाला हॉटेलवर. मी आणि माझा सहकारी. तो वाशीचा, पक्का शाकाहारी, मी सगळं खाणारी, दोघंही कॉर्पोरेट ट्रेनर. एका कंपनीच्या मॅनेजर मंडळींना फीडबॅक कसा द्यायचा, टीम कशी सांभाळायची हे शिकवायचं काम. 2023 चा मार्च होता, नवरोझच्या, म्हणजे तिथल्या वसंतातल्या नववर्षाच्या, आधीचा आठवडा, आणि हे मुद्दाम सांगतेय कारण पुढे जे जे खाल्लं आणि ऐकलं त्यातलं निम्मं फक्त याच दिवसांत मिळतं.

वाशीकराला घरून भीती घातलेली की तिकडे मटणाशिवाय काही मिळत नाही, म्हणून त्याच्या बॅगेत खाखरे, मेतकूट, कोरडी चटणी असा पंधरवड्याचा बंदोबस्त. पण हॉटेलच्या कोपऱ्यावरच तंदूर लावून एक मुलगा सामसे भाजत होता, आपल्या समोशासारखे तळलेले नाहीत, तंदुराच्या भिंतीला चिकटवून भाजतात, आणि त्यातला एक हिरव्या पाल्याचा निघाला. मार्चमध्ये बर्फ वितळलं की माळावर जो पहिला पाला उगवतो तो, त्यात पुदिना, पालक, कांदा. वसंत आला की आठ-पंधरा दिवस हे सामसे घरोघरी होतात म्हणे. वाशीकराने उभ्या उभ्या चार खाल्ले आणि म्हणाला, "ताई, माझी सोय झाली." एक सांगून ठेवते, भोपळ्याचा सामसाही मिळतो पण त्यात बऱ्याचदा मेंढीच्या शेपटीची चरबी घालतात, त्यामुळे शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या.

सोमवार

बाहेरगावी ट्रेनिंग असलं की ओळखीच्या फेरीत मी पद आणि अनुभवाची वर्षं विचारत नाही. मी विचारते, तुमच्या घरी सुट्टीच्या दिवशी काय शिजतं आणि तुमच्याकडच्या लग्नात काय वाजतं. याने लोक मोकळे होतात हा ट्रेनिंगचा भाग झालाच, पण मला स्वतःला त्या गावाचा रस्ता सापडतो. गुगलवर जे पहिल्या पानावर येतं ते सगळे टुरिस्ट खातात, वर्गात बसलेली माणसं सांगतात ते वेगळं असतं. इथे दुभाषी मुलगी मध्ये होती, माझं इंग्रजी ती उझबेकमध्ये आणि कधी रशियनमध्ये सांगायची, त्यामुळे प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ लागत होता, पण या प्रश्नाला तिला थांबवता थांबवता नाकी नऊ आले. समरकंदचे आणि ताश्कंदचे लोक पलावावरून चक्क वाद घालायला लागले. एक मध्यमवयीन गृहस्थ, क्रेडिट खात्यातले, फरगाना खोऱ्यातले, शांतपणे म्हणाले की आमच्याकडे लग्नात वाद्य न घेता गातात. फ्लिपचार्टवर मी ते लिहून अधोरेखित केलं.

चहा हिरवा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. किटलीतून पियालीत ओततात आणि परत किटलीत, असं तीनदा, म्हणजे चहा नीट उतरतो, आणि मग पाहुण्याला पियाली अर्ध्याहून कमीच भरून देतात. सारखी सारखी भरत राहायची, म्हणजे यजमानाचं तुमच्याकडे लक्ष आहे. काठोकाठ भरून दिली तर घ्या आणि निघा असा अर्थ होतो. आपल्याकडे कप भरून दिला नाही तर माणूस कंजूष ठरतो, पण दोन दिवसांत मला ही पद्धत इतकी आवडली की लंच ब्रेक वाढवावा लागला.

मंगळवार

सेशन चारला संपलं. दुभाषी मुलगी म्हणाली चला चोरसू बाजारात, मेट्रोने. ताश्कंदची मेट्रो 1977 पासून चालू आहे आणि स्टेशनं म्हणजे राजवाडे आहेत, घुमट, झुंबरं, नक्षीच्या फरशा. 2018 पर्यंत तिथे फोटो काढायला बंदी होती, आता बिनधास्त काढा. एका स्टेशनला युनूस रजबी हे नाव होतं. कोण हे विचारलं तर म्हणाली, आमचे संगीतकार, उद्या सांगते.

चोरसू म्हणजे निळ्या घुमटाखाली भरलेला मोठा बाजार, जिऱ्याचा वास लांबूनच येतो. पण मी अडकले ती बाजाराशेजारच्या पाववाल्यांकडे. ओळीने तंदूर लावलेले. गोल नान थापतात, मध्यभागी खिळ्यांचा ठसा दाबतात म्हणजे मधला भाग फुगत नाही आणि नक्षीही उठते, कडा जाड राहतात, वर तीळ किंवा कलौंजी. मग भाजणारा माणूस हाताला जाड कापडी मोजा चढवून अर्धा तंदुरात वाकतो, छताला चिकटवतो आणि बाहेर येतो, चेहरा लालबुंद. ते नान उलटं ठेवायचं नाही, सुरीने कापायचं नाही, वडीलधाऱ्याने हाताने तोडून सगळ्यांना द्यायचं. दुभाषीच्या भावाने सैन्यात जाताना एका नानाचा घास घेतला होता, तो अर्धा नान तिच्या आईने भिंतीला टांगून ठेवला तो थेट तो परत येईपर्यंत. प्रवासाला जाणाऱ्याचं उरलेलं अन्न त्याला परत बोलावतं अशी समजूत. हे ती अगदी सहज सांगत होती, माझ्या अंगावर काटा आला.

वाशीकराने सुकं दही घेतलं, मिठाच्या पांढऱ्या गोळ्या, दाताला दगड. त्याला जाम आवडलं. मला नाही.

बुधवार

आज ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलेय ते. संध्याकाळी सरकारी कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, विद्यार्थ्यांची मैफल होती, मकामची, म्हणजे इथल्या शास्त्रीय संगीताची. मी नौपाड्यात बरीच वर्षं गाणं शिकलेय, गडकरी रंगायतनला राम मराठे महोत्सव कधी चुकवत नाही, त्यामुळे कानाला एक सवय आहे, आणि परदेशी संगीत म्हटलं की आपण बाहेरचे म्हणून ऐकायला बसतो. इथे तसं झालंच नाही.

शशमकाम म्हणजे सहा मकामांचा संच. बुझरुक, रोस्त, नवो, दुगोह, सेगोह, इरोक. बुखाऱ्याच्या दरबारात वाढलेलं संगीत, मुसलमान आणि बुखारी ज्यू दोघांनीही सांभाळलेलं, शेवटच्या अमीरांच्या दरबारातला लेवी बाबाखानोव हा नामी गवई ज्यूच होता. प्रत्येक मकामात आधी नुसत्या वाद्यांचा भाग, मग गायकीचा. गायकीचा भाग सराखबोर नावाच्या संथ बंदिशीने सुरू होतो, मग तल्किन, नस्र, आणि शेवटी उफार, तो नाचायला लावणारा. म्हणजे विलंबितातून द्रुताकडे, आपल्याच चालीने.

स्टेजवर सहा-सात मुलंमुली. तंबूर म्हणजे लांब मानेचं, धातूच्या तारांचं वाद्य, वाजवणाऱ्या मुलीच्या तर्जनीवर धातूची नखी, आपल्या सतारीच्या मिजराबसारखीच. दुतार दोन तारांचा, नखीशिवाय बोटांनी छेडायचा, आवाज इतका मऊ की बाकीचे गप्प झाले की मगच कळतो. गिजक उभं धरून गजाने वाजवतात. आणि दोयरा, हातात धरायची चामड्याची थाळीसारखी डफ, आतल्या कडेला लोखंडी कड्या. सुरू व्हायच्या आधी दोयरावाला मुलगा हीटरपाशी जाऊन चामडं शेकवत बसला होता, मला आमच्याकडचे ढोलकीवाले आठवले.

गाणं अगदी खालून सुरू झालं. खर्जातच, दोन-तीन स्वरांत, तेच शब्द, नवाई या जुन्या कवीची गझल, दोयराचा ठेका संथ आणि कडक. घाई नाही. मग एक कडवं थोडं वर, पुढचं त्याहून वर, प्रत्येक वेळी वरच्या एखाद्या स्वरावर पाय रोवून परत खाली. बढत! शेजारी वाशीकर, त्याला गाण्यातलं फारसं काही कळत नाही, तो पण पुढे सरकून बसला. आणि मग गाणारी मुलगी एकदम तार सप्तकात गेली आणि तिथेच राहिली, आवाज ताणलेला पण फाटलेला नाही, हॉलमधले म्हातारे एका सुरात "ओऽऽ" करून उठले. याला ते अवज म्हणतात, सगळं गाणं त्याच्याकडे निघालेलं असतं. तिथून ती पायरी पायरीने खाली आली आणि जिथून निघाली त्याच स्वरावर थांबली. मी टाळ्या वाजवायच्या विसरले.

फरक पण आहेत आणि ते मला महत्त्वाचे वाटतात. आपल्यासारखी उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं गाणं, इथे जवळजवळ नाही, बंदिश बांधलेली आहे, ती तशीच्या तशी यायला हवी, कलाकाराची करामत ती स्वराच्या कंपनात आणि शब्द टाकण्यात. आणि एकट्या गवयापेक्षा सगळ्यांनी मिळून गाणं जास्त, एकाने सोडलं की दुसरा वरून उचलतो.

परत येताना दुभाषीने युनूस रजबींबद्दल सांगितलं. 1897 ते 1976. सोविएत काळात, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, हे संगीत सरंजामी म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली होती, रेडिओवरून हटलं. काही वर्षांनी वारं फिरल्यावर रजबींनी ताश्कंद रेडिओवर मकाम गाणाऱ्यांचा ताफा उभा केला आणि सगळे मकाम नोटेशनमध्ये लिहून छापले. मी लगेच भातखंडे म्हणाले, आणि मग मेट्रोत बसून तिला विष्णु नारायण भातखंडे कोण, ते गावोगाव फिरून घराणेदार गवयांच्या बंदिशी कशा लिहून घेत, हे सांगत बसले. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याकडेही स्टेशनला त्यांचं नाव असेल. मी काही बोलले नाही, पण असायला हवं असं मला आजही वाटतं. युनेस्कोच्या यादीत शशमकाम 2008 साली गेलं, पण एका शहराने आपल्या स्टेशनला गाणं लिहून ठेवणाऱ्याचं नाव द्यावं याचं मोल मला जास्त वाटतं.

गुरुवार

ट्रेनिंगचा शेवटचा दिवस, आणि गुरुवार म्हणजे पलावाचा दिवस. ऑफिसच्या मागच्या अंगणात सकाळीच भली मोठी कढई चढलेली, तिला कझान म्हणतात. मी रोल-प्ले वाशीकरावर सोपवून मध्येच तिकडे जाऊन उभी राहिले.

आचारी एकटाच, ढवळत वगैरे काही नव्हता. आधी तेल आणि चरबी धूर येईपर्यंत तापवली, मग मटणाचे मोठे तुकडे आणि कांदा चांगला लाल. मग गाजर. पिवळं गाजर, काडेपेटीतल्या काडीइतकं चिरलेलं, किसायचं नाही, आणि मापाने जवळजवळ तांदळाइतकं! मग पाणी, भिजवलेले छोले, बेदाणे, लसणाचे अख्खे गड्डे न सोलता, आणि जिरं. मसाला संपला. गरम मसाला नाही, मिरची अख्खी एखादी, दालचिनी-वेलदोडा नाही. हा रस्सा तासभर मंद आचेवर, त्यालाच ते झिरवाक म्हणतात. मग वर तांदूळ पसरायचा, पाणी तांदळावर हलकेच सोडायचं आणि अजिबात ढवळायचं नाही, शेवटी भात डोंगरासारखा गोळा करून काठीने भोकं पाडायची, वर ताटली झाकायची. मी हे उभं राहून सगळं बघितलं. आपली बिर्याणी मसाल्यावर उभी आहे, हा पदार्थ गाजराच्या गोडीवर आणि चरबीवर. ठाण्यात बसून रेसिपी वाचली असती तर म्हटलं असतं फिक्का असणार. फिक्का नाही. लसणाचा गड्डा दाबला की आतून लोण्यासारखा लसूण येतो, तो भाताला लावून खायचा, सोबत टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, तिच्याशिवाय पलाव जड होतो. वरती घोड्याच्या मांसाच्या चकत्या ठेवतात, ती ताटाची कड मी तशीच राहू दिली आणि कोणी आग्रह केला नाही. वाशीकरासाठी त्यांनी छोट्या कढईत तेलात वेगळा केला होता, नुसत्या छोले-गाजर-लसणाचा, आदल्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. पलावाची ही सगळी रीत 2016 साली युनेस्कोच्या यादीत गेलीय, आणि तो मान मला पाककृतीचा कमी आणि या लक्षात ठेवण्याचा जास्त वाटतो.

जेवण झाल्यावर मी फरगानावाल्या काकांना आठवण केली, तुम्ही लग्नातल्या गाण्याचं सांगितलं होतं. ते लाजले नाहीत. चहाची रिकामी बशी उचलली, तोंडाशी तिरकी धरली, डोळे मिटले, आणि जो आवाज लावला तो मी आयुष्यात विसरणार नाही. कत्ता अशुला म्हणतात त्याला. वाद्य नाही, ठेका नाही, खुल्या मैदानात गायचं गाणं, म्हणून बशीने आवाज वळवायचा, एका बाजूच्या लोकांकडे, मग दुसऱ्या. ते बशी जरा हलवायचे की सूर भिंतीवरून यायचा, परत हलवली की आमच्या अंगावर. असली गाणी खरं तर दोघं-तिघं मिळून म्हणतात, एक श्वास घेतो तोवर दुसरा पकडतो, त्यांच्या जोडीला वर्गातलाच एक पोरगेला मॅनेजर उभा राहिला, तोही त्याच भागातला निघाला. काकांचे वडील लग्नांत गायचे. हेच काका सोमवारपासून फीडबॅकच्या सरावात तोंड उघडत नव्हते. दुपारच्या सत्रात पहिला हात त्यांचा वर होता.

शुक्रवार

समरकंद. अफ्रोसियोब गाडीने 344 किलोमीटर दोन तास दहा मिनिटांत. रेगिस्तान चौकाचं वर्णन मी करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तीन मदरशांपैकी उलुगबेगचा 1420 चा, बाकीचे दोन सतराव्या शतकातले, समोर उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघत राहायचं. 1997 पासून सहसा दर दोन वर्षांनी याच चौकात जगभरच्या संगीताचा शर्क तरोनालरी महोत्सव होतो, तेव्हा एकदा यायचंच असं ठरवलंय.

मला सांगायचंय ते मदरशातल्या एका खोलीतल्या वाद्यवाल्याचं. पूर्वी विद्यार्थी राहायचे त्या खोल्यांत आता दुकानं आहेत. त्याने एकेक वाद्य काढून वाजवून दाखवलं, विकायची घाई नव्हती. दुतारचा भोपळा तुतीच्या लाकडाचा. आणि जुन्या पद्धतीच्या तारा रेशमाच्या. म्हणजे तुतीचा पाला खाऊन किड्याने केलेलं रेशीम त्याच तुतीच्या लाकडावर ताणलेलं! त्याने रेशमाची तार आणि नायलॉनची तार आळीपाळीने छेडून दाखवली, रेशमाची जरा उशिरा बोलते आणि लवकर विरते, पण त्यातच तिचा गोडवा. मी घेतला एक छोटा दुतार. महाग होता, घासाघीस केली नाही.

इथला पलाव थरांचा, मिसळत नाहीत, खाली भात, वर गाजर, त्यावर मटण, आणि जवसाच्या तेलाचा वास. सोमवारी वाद कशावरून होता ते तेव्हा कळलं. माझं मत ताश्कंदकडे.

शनिवार

सकाळी शास्त्रीजींच्या पुतळ्याला जाऊन आलो. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारखेला, ते गेले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे इथे. फुलं कोणीतरी आधीच ठेवली होती.

संध्याकाळी दुभाषीच्या मोहल्ल्यात सुमलक, म्हणजे मोडाच्या गव्हाचा नवरोझचा गोड पदार्थ. तिच्या आईचा हुकूम होता, ओपाला, म्हणजे ताईला, मला, घेऊन ये.

गहू भिजवून, लाकडी फळ्यांवर पसरून मोड आणतात, पांढऱ्या मुळांचं जाळं होतं पण हिरवा अंकुर फुटायच्या आत काढतात, हिरवं झालं की कडवटपणा येतो. मग ते वाटून पिळायचं, पहिलं, दुसरं, तिसरं पाणी वेगळं ठेवायचं. कुरडया करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे काही नवीन नाही, गव्हाचा चीक आणि याची सुरुवात बहिणीबहिणींसारखी आहे. पण चीक घटकाभरात होतो आणि सुमलक रात्रभर. तेल, कणीक आणि हे पाणी मोठ्या कझानमध्ये, खाली लाकडांचा जाळ, आणि तळाशी धुतलेले गुळगुळीत गोटे टाकतात, म्हणजे खाली लागत नाही. साखरेचा कण नाही. तरी पहाटेपर्यंत ते तपकिरी, दाट आणि गोड होतं, मोडाच्या गव्हाची स्वतःची गोडी.

ढवळणं थांबवायचं नाही. वल्ह्याएवढा पळा, पाळीपाळीने, ढवळताना मनात इच्छा धरायची. सगळ्या बायका, आज्या, सुना, शाळकरी मुली. एक आजी दोयरा घेऊन बसली होती, हातावर सुरकुत्या पण बोटं अशी चालत होती की बुधवारचा मुलगा तिच्यापुढे विद्यार्थीच. लापार नावाची सवाल-जवाबाची गाणी चालली होती, एका बाजूने टोमणा, दुसऱ्या बाजूने उत्तर, अर्थ दुभाषी सांगेपर्यंत पुढचं हसू फुटलेलं असायचं. माझी पाळी आली तेव्हा मला म्हणाल्या तुमचं गा. मी मंगळागौरीची गाणी म्हटली, झिम्म्याची, फुगडीची, आजीने दुसऱ्याच ओळीला ठेका धरला आणि मला लय वाढवायला लावली, दोघी-तिघी नाचायला उठल्या. तीनेक वाजता गारठ्यात पळा धरून हात दुखायला लागले, पण जागची हलवेना.

पहाटे झाकण ठेवून विस्तव काढला आणि उजाडल्यावर उघडलं. वाट्या भरून आधी शेजाऱ्यांकडे, मग आपण. माझ्या वाटीत गोटा आला, ज्याला येतो त्याची इच्छा पुरी होते म्हणे. वाशीकर सकाळी पोचला, त्याने तीन वाट्या खाल्ल्या.

रविवार

दुपारचं विमान. दुतार हातातल्या सामानात घेऊ दिला, डब्यातलं सुमलक मात्र चेक-इन बॅगेत घालावं लागलं. जिरं, झिरिश्क म्हणजे आंबट सुके दाणे, आणि नान घेतले.

बुधवारी, 22 ला, पाडवा होता, त्या दिवशी घरी श्रीखंड-पुरीच. त्याच्या पुढच्या रविवारी पलाव केला. तांदळाचा प्रश्न होता, बासमती नको कारण तो सुटा राहतो पण रस पीत नाही, म्हणून जांभळी नाक्यावरून वाडा कोलम आणला, तो छान बसला. पिवळी गाजरं आपल्याकडे मिळत नाहीत, केशरी घ्या, पण लाल घेऊ नका, भाताला रंग सुटतो. मटणाच्या चरबीऐवजी तेलात चमचाभर तूप. वाशीकर बायको-मुलांसह आला होता, त्यांच्यासाठी छोले-लसणाचा वेगळा केला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो पहिला संपला.